लांब शब्द कुठून वाचायचा?

एफ.वाय.ला होते तेव्हाची गोष्ट. इतिहासाचा तास. धडा ग्लॅडस्टनच्या सुधारणांचा, आणि टीचरांनी उताऱ्याचं वाचन नेमकं माझ्यावर आणलं. मी सत्तरीतल्या मराठी शाळेतून आलेली. इंग्रजी कळायचं, लिहिताही यायचं, पण चाळीस जणांसमोर मोठ्याने वाचायचं म्हणजे हातापायाला घाम. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत आयर्लंडच्या चर्चच्या ‘डिसएस्टॅब्लिशमेंट’चा उल्लेख होता. एवढा लांब शब्द पाहून माझे डोळे त्यातल्या ओळखीच्या तुकड्यावर जाऊन अडकले आणि मी वाचलं, ‘डिस-ए-स्टेबल-इश-मेंट’.

स्टेबल म्हणजे घोड्याचा तबेला. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी घोड्यासारखं खिंकाळलंसुद्धा. त्यानंतर त्या वर्षात मी कुठल्याच तासाला हात वर केला नाही. उत्तर येत असलं तरी नाही.

आपल्या मंडळातल्या निम्म्याअधिक जणांकडे असा एखादा प्रसंग असणार, म्हणून हे लिहितेय. पुढे वाचनालयात एका फादरनी माझ्या पुस्तकातल्या त्याच शब्दावर पेन्सिलीने चार उभ्या रेघा ओढून दिल्या आणि म्हणाले, “बाय, लांब शब्द शेंडीकडून वाचायचा नसतो. आधी पोट शोध.” त्या चार रेघांवरून माझा जो उद्योग सुरू झाला, तो इथे मांडते. शब्द तोच घेऊ, पण त्याचा सगळ्यात लांब अवतार: अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. इंग्रजी अक्षरं २८.

पोट म्हणजे एस्टॅब्लिश. त्याला मागून ‘मेंट’ लागलं की क्रियापदाचं नाम होतं, एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे स्थापना. पुढून ‘डिस’ लावलं की उलट, स्थापना मोडणं. मागे ‘एरियन’ जोडलं की तसं मत धरणारा माणूस, ‘इझम’ जोडलं की त्याचा वाद. आणि सगळ्यात पुढे ‘अँटि’, म्हणजे विरोध. मोजा: अँटि, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरियन, इझम. अर्थाचे सहा डबे. इंजीन मधे, पुढे दोन डबे, मागे तीन. वाचणारा अडतो तो पहिल्या डब्यापाशीच, कारण पुढून वाचत गेलं तर इंजीन येईपर्यंत दम संपलेला असतो.

हे डबे एका गावचेही नाहीत. अँटि आणि इझम मुळात ग्रीक, डिस लॅटिन, मेंट लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेलं. आपल्याकडेही हे चालतंच. ‘बेकायदेशीरपणा’ घ्या. ‘बे’ फारसी, ‘कायदा’ अरबी, ‘पणा’ आपलं घरचं. कोणाला काही खटकत नाही.

आता उच्चार. तोंडाने हा शब्द म्हणताना तो सहा तुकड्यांत तुटत नाही, बारा तुकड्यांत तुटतो: अँन, टि, डिस, इस, टॅब, लिश, मन, टेअ, रि, अ, नि, झम. यांना इंग्रजीत सिलेबल म्हणतात. एका दमात, एका स्वराभोवती जे बोललं जातं ते एक सिलेबल. नीट बघा, अर्थाचे सांधे आणि उच्चाराचे सांधे जुळत नाहीत. ‘मेंट’मधला ट अर्थाने मागच्या डब्यातला, पण तोंडाने तो उडी मारून पुढच्या ‘टेअ’मध्ये बसतो. ‘एरियन’चा शेवटचा न तसाच ‘इझम’च्या डब्यात शिरतो आणि ‘नि’ होतो.

विचित्र वाटलं? मग ‘घरात’ म्हणून बघा. अर्थाने घर अधिक आत. तोंडाने घ-रात. र आपला डबा सोडून पुढे गेला. ‘घरात’ म्हणताना आपल्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण तो शब्द आपण कानाने शिकलो. इंग्रजी शब्द डोळ्यांनी शिकतो, म्हणून तिथे अडखळतो.

देवनागरीबद्दल इथे एक सांगायलाच हवं. आपण सगळे असं समजतो की मराठीत जसं लिहितो तसं बोलतो. फादरनी मला ‘घर’ शब्दात किती सिलेबल आहेत विचारलं तेव्हा मी ताबडतोब ‘दोन’ म्हणाले. अक्षरं दोन आहेत, खरं. पण बोलताना र मधला अ आपण गिळतो. ‘घर्’ असा एकच झटका. ‘कमळ’ची अक्षरं तीन, उच्चार क-मळ, दोन. ‘करणे’ची अक्षरं तीन, उच्चार कर्-णे, दोन. इंग्रजीत याच्या नेमकं उलट घडतं. ‘इझम’मध्ये एस आणि एम या दोन व्यंजनांच्या मधे कुठलाही स्वर लिहिलेला नाही, तरी बोलताना तिथे एक बारीक अ ऐकू येतो आणि ‘झम’ हे स्वतंत्र सिलेबल होतं. ‘रिदम’च्या शेवटीही तसंच. म्हणजे आपण लिहिलेला स्वर गिळतो, ते न लिहिलेला स्वर बोलतात. दोघांनीही एकमेकांना हसू नये असा मामला आहे.

जोडाक्षरांत तर आपलं लिहिणं आणि बोलणं उघड भांडतं. ‘रस्ता’ आपण र आणि स्ता असं लिहितो. बोलतो मात्र रस्-ता. ‘शब्द’ लिहितो श, ब्द, बोलतो शब्-द. जुन्या छंदशास्त्राला हे पुरतं ठाऊक होतं. वृत्त शिकताना आपण पाठ केलंय की जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचं. शाळेत मला तो नियम उगाच लादलेला वाटायचा. आता कळतं की तो कानाने केलेला आहे. ‘रस्ता’मधला स मागे सरकून र ला चिकटतो, ते सिलेबल बंद होतं, जड होतं, म्हणून गुरू. ज्याला गण पाडता येतात, त्याला इंग्रजी शब्दाची सिलेबल पाडायला वेगळं काही शिकावं लागत नाही. आपल्या मंडळातल्या कवींनी तरी इंग्रजी शब्दांना मुळीच भिऊ नये.

गाडी एका वळणावर मात्र खरोखर आपल्या सवयीच्या बाहेर जाते. ते वळण आघाताचं. मराठीत आपण सगळी सिलेबल साधारण सारख्या वजनाने म्हणतो. आघात इकडचा तिकडे गेला तर ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल, पण अर्थ बदलत नाही. इंग्रजीत एका सिलेबलवर जोर पडतो आणि बाकीची आखडतात. शिवाय तो जोर शेपूट बदललं की जागा बदलतो. एस्टॅब्लिश आणि एस्टॅब्लिशमेंट, दोन्हींत जोर ‘टॅब’वर. पण ‘इयन’ हे शेपूट लागलं की ते जोर ओढून आपल्या अलीकडच्या सिलेबलवर आणतं. म्हणून आपल्या लांब शब्दात मुख्य जोर ‘टेअ’वर आहे, आणि ‘मेंट’मधला ए आखडून नुसता ‘मन’ उरतो.

हा नियम रोजच्या शब्दांतही दिसतो. लायब्ररीत जोर पहिल्या सिलेबलवर, लायब्रेरियनमध्ये ‘ब्रे’वर. कॅनडात जोर ‘कॅ’वर, कनेडियनमध्ये ‘ने’वर, आणि पहिला ‘कॅ’ बिचारा आखडून ‘क’ झाला. गोव्यात घरटी एक तरी माणूस कॅनडाला गेलेला असतो, त्यामुळे हे उदाहरण आपण विसरणार नाही. ‘इझम’ या शेपटाला मात्र ही खोड नाही. ते जोर हलवत नाही, गुपचूप मागे येऊन बसतं. एवढी दोन शेपटं ओळखता आली तरी शेकडो शब्दांवरचा जोर बरोबर पडतो.

आता परत माझ्या तबेल्याकडे.

एस्टॅब्लिश हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘स्टाबिलिस’पर्यंत जातो. त्याचा अर्थ पक्का, न हलणारा. त्याच्या मुळाशी ‘स्टारे’ हे क्रियापद, म्हणजे उभं राहणं. आणि घोड्याचा स्टेबल? तो लॅटिन ‘स्टाबुलुम’वरून, म्हणजे जनावराची उभं राहायची जागा. तोही त्याच ‘स्टारे’चा. मी चुकून जो तुकडा वाचला होता तो त्या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ निघाला! उच्चार चुकला होता, नाकारत नाही. पण नातं बरोबर लागलं होतं.

गंमत इथे संपत नाही. लॅटिन ‘स्टारे’ आणि संस्कृत ‘स्था’ एकाच जुन्या मुळाच्या दोन फांद्या आहेत, हे भाषाशास्त्रात कधीच सिद्ध झालंय. स्था वरून स्थान, स्थिर, संस्था, स्थापना. म्हणजे एस्टॅब्लिश करणं याला आपण स्थापन करणं म्हणतो, ते भाषांतर कोणी मुळं बघून केलेलं नसेल, पण मुळं एकच आहेत. स्थान वरूनच आपलं ठाण आणि ठाणं आलं. आणि जुन्या मराठीत घोडा बांधायच्या जागेला काय म्हणत? ठाण. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, घोड्याला उभं राहण्याच्या धातूलाच नेऊन बांधलं.

एस्टॅब्लिशच्या सुरुवातीचा ‘ए’सुद्धा बघण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये तो नव्हता. जुनी फ्रेंच बोलणाऱ्यांना स आणि व्यंजन मिळून शब्दाची सुरुवात करणं जड जायचं, म्हणून ते आधी एक स्वर टेकू म्हणून लावत. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्येही तेच. म्हणून पोर्तुगीज ‘इश्कोला’, त्यावरून कोंकणीत इस्कोल. माझी आजी स्टोव्हला ‘इस्टो’ आणि स्टेशनला ‘इस्टेशन’ म्हणायची तेव्हा आम्ही नातवंडं खदखदून हसायचो. जी ‘इस्टेट’ आपण मराठीत वाडवडिलांची म्हणून सांगतो, तिच्यातला पहिला स्वरही फ्रेंचांच्या याच टेकूचा. आजीच्या तोंडात जे अडाणीपण वाटायचं, ते एस्टॅब्लिशच्या कपाळावर राजमुद्रेसारखं बसलंय.

अर्थाचा एक गुंता राहिलाच. अँटि आणि डिस, दोन नकार एकापुढे एक. मोडण्याला विरोध, म्हणजे शेवटी राखण्याच्या बाजूने. आपल्याकडे वर्तमानपत्रात मथळा येतो: ‘बंदी उठवण्यास दिलेली स्थगिती रद्द’. मग चहाच्या टपरीवर वाद, बंदी आहे की गेली? पोटाकडून सोडवा. बंदी होती. उठवली, म्हणजे गेली. त्या उठवण्याला स्थगिती, म्हणजे परत आली. स्थगिती रद्द, म्हणजे गेली. लांब शब्दही असाच आतून बाहेर सोडवायचा असतो.

फक्त दर वेळी आत काय आणि बाहेर काय हे ठरवता येतंच असं नाही. बेकायदेशीर हा शब्द बे अधिक कायदेशीर, की बेकायदा अधिक शीर? बेकायदा हाही शब्द आहे, कायदेशीर हाही. दोन्हीकडून जोडता येतो, अर्थ तोच निघतो. आपल्या इंग्रजी शब्दात मात्र थोडा फरक पडतो. मोडण्याच्या वादाला विरोध, की मोडण्याला विरोध करणाऱ्यांचा वाद? पहिल्यात नुसता विरोध आहे, दुसऱ्यात स्वतःचं मत आहे. इतिहासात दुसरा अर्थ जास्त जुळतो असं माझं मत, कारण ते लोक खरोखर एक मत घेऊन उभे होते.

कोण ते लोक? इंग्लंडमध्ये चर्च हे राज्याचं अधिकृत चर्च होतं आणि आजही आहे. राजा त्याचा प्रमुख, त्याचे काही बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात. हीच व्यवस्था आयर्लंडवरही होती, आणि तिथे बहुसंख्य लोक कॅथलिक. जे चर्च आपलं नाही त्यासाठी गरीब कुळांना धान्याचा दशमांश द्यावा लागे. १८३०च्या दशकात त्यावरून तिथे रक्त सांडलं. शेवटी १८६९मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने कायदा केला आणि १ जानेवारी १८७१पासून आयर्लंडमधलं चर्च राज्यापासून वेगळं झालं. तरुणपणी, १८३८मध्ये, याच ग्लॅडस्टनने राज्य आणि चर्च यांच्या नात्याची बाजू घेणारं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. माणूस ‘अँटि’पासून निघाला आणि तो डबा सोडून पुढे गेला. वेल्ससाठी कायदा १९१४ला झाला, पण महायुद्धामुळे अंमल १९२०ला. भारतातल्या अँग्लिकन चर्चचं इंग्लंडच्या चर्चशी असलेलं कायदेशीर नातं १९२७च्या कायद्याने सोडवलं गेलं आणि १९३०मध्ये ते चर्च स्वतंत्र झालं. इकडे पोर्तुगालने राजेशाही गेल्यावर १९११मध्ये चर्च आणि राज्य वेगळं करण्याचा कायदा केला. माझ्या उताऱ्यातला एक शब्द म्हणजे एवढं सगळं होतं. वर्गात आम्ही फक्त त्याच्या उच्चाराला हसलो.

खुद्द लांब शब्द मात्र या भांडणात फारसा वापरला गेला नाही. तो प्रसिद्ध झाला लांबीमुळे. १९५५मध्ये अमेरिकेत टीव्हीवरच्या एका बक्षिसांच्या कार्यक्रमात बाल्टिमोरच्या १२ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने त्याचं स्पेलिंग न चुकता सांगितलं आणि तो देशभर झाला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो आहे. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टरने घेतलेला नाही. खऱ्या लिखाणात तो अर्थासाठी फारसा वापरलाच जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

कधीकधी लोक सांधा भलत्याच ठिकाणी तोडतात आणि तोच खरा होऊन बसतो. हेलिकॉप्टर अर्थाने हेलिको अधिक प्टेर आहे, ग्रीकमध्ये मळसूत्र आणि पंख. पण ‘प्ट’ने शब्द सुरू करणं इंग्रजी तोंडाला जमत नाही, म्हणून लोकांनी तो हेलि आणि कॉप्टर असा तोडला, आणि त्या तुकड्यांपासून हेलिपॅडही केलं. बर्गरचं तेच. मूळ शब्द हॅम्बुर्ग शहरावरून. लोकांना त्यात हॅम दिसलं, उरलेला बर्गर सुटा झाला, आणि आता पणजीत व्हेज बर्गर मिळतो. असं तोडणारे सगळे ‘चुकलेले’च होते.

आपण इंग्रजी शब्द देवनागरीत बसवतो, त्याच्या उलट काम चारशे वर्षांपूर्वी इथेच झालं होतं. थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आपल्या ट आणि त, ळ आणि ल यांच्यासाठी रोमनमध्ये वेगळी अक्षरं नाहीत. एकेका मराठी शब्दापाशी तो किती वेळा थांबला असेल, विचार करा.

शेवटी एक शब्द सरावासाठी देते: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. अक्षरं ४५, सिलेबल १९. घाबरू नका, हा गंमत म्हणून बनवलेला आहे. १९३५मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने तो जुळवला. पहिलं अक्षर पी, पण ते बोलायचं नाही. हेलिकॉप्टरच्या प्ट सारखाच हा प्न. न्यूमोनो म्हणजे फुफ्फुस, मग अतिसूक्ष्म, मग सिलिका, मग ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ, आणि ओसिस म्हणजे रोगाची अवस्था. धूळ श्वासातून जाऊन होणारा फुफ्फुसाचा रोग.

यातला गमतीचा भाग गाळला की उरतो सिलिका अधिक ओसिस, सिलिकोसिस. हा खरा आजार आहे. दगड कापताना, घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते, आतून व्रण पडतात, श्वास कमी कमी होत जातो. बरा करणारं औषध नाही. दगडावर पाणी मारत काम केलं आणि धूळ ओढून घेणारी यंत्रं लावली तर टाळता येतो. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली करणाऱ्या कामगारांमध्ये तो मोठ्या प्रमाणात आढळला होता. मी गावच्या शाळेत ‘घर’ हा शब्द पहिल्यांदा लिहिला तो तसल्याच पेन्सिलीने, काळ्या पाटीवर. दोन अक्षरं, एक सिलेबल.